एका क्रियापदाची शाळा

बाबाजी मास्तरांच्या शाळेत वर्षभर एकच शब्द शिकवला जात होता, आणि त्यावरून अलिबागच्या कोळीवाड्यात हसून हसून लोकांची पोटं दुखत होती.

शब्द होता 'टेक'. मास्तर मराठी शाळेतून निवृत्त झालेले. इंग्रजी सगळं पुस्तकातलं, एकाही गोऱ्या माणसाशी जन्मात बोललेले नव्हते. पण 'टेक'चे उपयोग वहीत टिपायचं त्यांना वेड होतं. ब्याण्णव उपयोग जमले होते. सायबांच्या बंगल्यांवर मासळी विकता यावी म्हणून कोळणींना इंग्रजी शिकवायची वेळ आली तेव्हा त्यांना वाटलं, शंभर शब्द कच्चे देण्यापेक्षा एक पक्का द्यावा. घे म्हणायला टेक, बघ म्हणायला टेक, जप म्हणायलाही टेकच. भागुबाईच्या खोपीत रोज संध्याकाळी पाच बाया हातात मासळी धरून एकेक उपयोग करून दाखवत.

सन बत्तीसची दिवाळी झाली आणि भागुबाई खोपीच्या दारात उभी राहिली.

"मास्तर, बोंबील सुकून यायला लागलं. खोप मोकळी करा. वरीस झालं, एकच शब्द! माझा पोपट तरी दोन बोलतो."

मास्तरांनी मान खाली घातली. तिचंच खरं असेल, असं त्यांना वाटलं. खोप गेली की शाळा गेली. कोळणींच्या इंग्रजीला दुसरी जागा कोण देणार?

पण भागुबाईची भाची ठमी उठली. "मावशे, उद्या इंजिनेर सायबाच्या बंगल्यावर चल. बटलरला मधी न घेता आख्खी पाटी विकून दावते. न्हाय विकली तर खोप तुझी."

"आन् विकली तर?"

"शाळा ऱ्हाईल."

"व्हय! लागली पैज."

सकाळी मास्तर बंगल्यामागच्या केवड्याच्या बेटात लपून बसले. आपल्यापायी पोरीचं हसं होणार! समोर फाटकाशी भागुबाई कमरेवर हात ठेवून उभी होती. मागच्या दाराशी धर्मा बटलर. आजवर मडमेपर्यंत कोणाही कोळणीला त्यानं पोचू दिलं नव्हतं. 'सायबाला नको' म्हणायचं आणि चांगलं पापलेट आपल्या घरी न्यायचं, ही त्याची रीत.

"ए ठमे, पाटी हिकडं. मडम कामात हाय."

ठमीनं त्याच्या खांद्यावरून हाक टाकली, "मॅडम! टेक अ लुक!"

"बत्तिसावा उपयोग!" मास्तर पुटपुटले.

मडम व्हरांड्यात आली. ठमीनं गोणपाट बाजूला सारलं, पापलेटाचा कल्ला उघडून लालभडक दाखवला. "टेक माय वर्ड, मॅडम!" म्हणजे ताजं आहे, माझ्यावर भरवसा ठेवा. मडमेनं वाकून खेकड्यांकडे बोट नेलं मात्र, ठमी ओरडली, "टेक केअर!" आणि तिचं मनगट धरून मागे ओढलं. नांगी खटकन पाटीच्या काठावर बसली. मडम आधी किंचाळली, मग हसत सुटली.

धर्मा चिडला. मासळी शिळी आहे, असं काहीबाही इंग्रजीत सांगू लागला. ठमीनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "टेक नो नोटिस, मॅडम!"

याच्याकडे लक्षच देऊ नका! केवड्यात मास्तर जागच्या जागी उडाले. काटे टोचले तरी कळलं नाही. वहीतला सर्वांत अवघड उपयोग, आणि पोरीनं तो मासळीच्या पाटीपाशी उभं राहून झोकात फेकला होता!

पापलेटं गेली, खेकडे गेले. उरली एक मोठी सुरमई. तेव्हा मडम एक लांबलचक वाक्य बोलली, आणि त्यात 'टेक' कुठंच नव्हतं. ठमी सुरमई हातात धरून मडमेच्या तोंडाकडं बघत राहिली. धर्माचे दात दिसू लागले. फाटकाशी भागुबाई खोकली.

"मास्तर, भाईर या," ठमी म्हणाली. "तुमचं धोतर दिसतंय कवापासून."

मास्तर बाहेर आले. मडमेनं पुन्हा विचारलं. त्यांना शब्द न् शब्द कळला: संध्याकाळी पाहुणे आहेत, मासा साफ करून, कापून मिळेल का? उत्तरही तयार होतं. पण जीभ टाळ्याला चिकटली. मासा जाणार, खोप जाणार, शाळा जाणार!

"टेक युअर टाइम, मास्तर," ठमी हळूच म्हणाली. सावकाश होऊ द्या. मास्तरांनीच तिला असं शंभरदा म्हटलं होतं.

मडम हसली आणि खुशाल पायरीवर बसली. मास्तरांनी श्वास घेतला.

"येस, मॅडम. शी विल कट इट."

जन्मातलं पहिलं वाक्य! आणि गोऱ्या बाईला ते कळलं! तिनं मान हलवली, सुरमई ठेवायला सांगितली. मास्तरांना एकदम त्या केवड्यावरून उडी मारावीशी वाटली.

कोयता घेत ठमीनं विचारलं, "मास्तर, हा कंचा शब्द?"

"कट. म्हणजे काप."

"अगं बया! म्हंजे तुमाला दुसरा बी येतो?"

भागुबाई पुढं आली. रिकामी पाटी तिनं उचलून उपडी करून पाहिली, खवलंही पडलं नाही.

"बोंबील माझ्या पडवीत टांगीन," ती म्हणाली. "ऱ्हाऊ द्या शाळा. पर मास्तर, ह्यो कट शिकवायला आणीक वरीस लावाल तर बघा. मला त्यो उद्या पायजे."