परक्या हाताची भाकर

“घे की रं माझ्या राजा! त्येंच्या हातचं घे!”

धुरपताबाईने चौथ्यांदा सांगितलं आणि भुऱ्याने चौथ्यांदा तोंड फिरवलं. समोर लखमा उकिडवा बसला होता. दुधात कुस्करलेली भाकर तळहातावर घेऊन त्याचा हात भरून आला होता.

“मावशी, ह्येला उपासबिपास हाय का काय आज?” लखमा म्हणाला.

धुरपताबाईला हसू आलं नाही. तिने तीच भाकर आपल्या हातात घेतली आणि “घे” म्हणाली. भुऱ्याने ती मटकावून टाकली, वर तिचा तळवाही चाटला. मानेला एवढं मोठं भगदाड पडलेलं, तरी शेपूट हलतच होतं. लखमाने कपाळाला हात लावला.

हिंगोलीच्या सलोतऱ्याकडे, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरकडे, घोडे यायचे, बैल यायचे, कधी एखाद्या मोठ्या माणसाची म्हैस यायची. गाडीत घालून कुत्रं आणणारी बाई लखमाने वीस वर्षांच्या नोकरीत पाहिली नव्हती. सकाळी ती दारात उभी राहिली तेव्हा घोडेवाले तोंडावर उपरणं धरून हसले होते. हसेनात का! धुरपताबाईला त्यांच्याशी काय देणंघेणं होतं?

औंढ्याच्या वाटेवर चार कोसांवर तिचं गाव. नवरा जाऊन बारा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. गावातल्या घरोघरच्या शेळ्या ती डोंगराला चारायला न्यायची. परवा लांडगा एक करडू धरून निघाला होता. भुऱ्याने करडू सोडवलं, पण स्वतःची मान फाडून घेतली. भादव्यातली माशी ती, दोन दिवसांत जखमेत किडे वळवळायला लागले.

सलोतरी करीमुद्दीनसाहेबांनी जखम उघडून पाहिली आणि साफ सांगितलं, “देख बाई, किडे अंदर तक गये हैं. रोज दोन वेळ धुवायला पायजे. दस दिन इसकू इथं ठेव. घरकू नेला तर चार रोजांत मरतो.”

औषधाचे आणि ठेवणावळीचे निजामाच्या हाली नाण्यात बारा रुपये होत होते. एवढे तिच्याकडे कुठले? तिने गाडीतून आपली दुभती शेळी उतरवली आणि साहेबांच्या दावणीला बांधून टाकली. गाडीवाला तातेराव, नात्याने तिचा दीर, तो हे बघून चरफडला.

“वैनी, शेळी दिऊन कुत्रं घिऊन राहिलीस? काहून? गावात धा कुत्री पडलीत!”

“तुमी बैलाला पानी दाखवा, भावजी,” ती म्हणाली. विषय तिथेच संपला. शेळी गेली याचं दुःख तिला नव्हतं. दहा दिवसांचा प्रश्न सुटला, भुऱ्या वाचला, असंच ती धरून चालली होती. आणि मग लखमाने हात पुढे केला आणि भुऱ्याने तोंड फिरवलं.

आता दुपार कलायला लागली होती. तातेराव दोनदा हाका मारून गेला. तिला इथे राहणं शक्य नव्हतं. गावच्या शेळ्या आजच्या दिवसापुरत्या शेजारच्या रुख्मिणीबाईच्या वाड्यात कोंडून ठेवल्या होत्या आणि त्या उद्या सकाळी सोडाव्याच लागणार होत्या. लांडगा अजून त्याच डोंगरात होता. कुणाची शेळी गेली तर लोक कुणाला विचारणार?

लखमाने बांबूची नळी आणून दूध पाजायचा प्रयत्न केला. भुऱ्या असा उसळला की जखमेची कातडी ताणली आणि पुन्हा रक्त आलं. साहेब ओरडले, “छोड! छोड दे! ऐसा रोज करेगा तो जखम भरतीच नाही!” मग ते धुरपताबाईकडे वळले. “बाई, तुझ्या कुत्र्याला जखम नाय मारणार. भूक मारेगी. ये किसने सिखाया इसकू?”

“म्याच शिकवलं,” ती म्हणाली.

हे सांगताना तिची मान दर वेळी ताठ व्हायची. आज खाली गेली.

याच्या आधीचा तिचा कुत्रा शेळीचोरांनी मारला होता. विष घातलेली भाकर टाकली, कुत्रा ती आनंदाने खाऊन मेला आणि चोरांनी सात शेळ्या नेल्या. म्हणून भुऱ्या पिल्लू असतानाच तिने हिय्या केला. गल्लीतल्या एकेकाच्या हातात ती भाकर द्यायची आणि म्हणायची, घाला ह्येला. भाकरीच्या आत लाल तिखट भरलेलं असायचं. पिल्लू खायचं, शिंकायचं, केकाटायचं आणि पळत तिच्याकडे यायचं. मग ती स्वतःच्या हाताने त्याला साधी भाकर द्यायची. महिनाभरात पिल्लाला कळलं की जगात एकच हात खरा आहे, बाकी सगळे हात आग आहेत. पुढे बाजाराच्या दिवशी लोक भुऱ्यापुढे मटणाचे तुकडे धरून पाहायचे. तो आभाळाकडे बघत बसायचा. धुरपताबाईची छाती फुगायची. कशाला फुगायची ती! असं तिला आता वाटत होतं.

“साहेब,” ती हळूच म्हणाली, “माझं लुगडं लखमाभाऊच्या अंगावर टाकलं तर?”

तेही करून झालं. भुऱ्यासाठी गाडीत अंथरलेला तिच्या जुन्या लुगड्याचा धडपा लखमाने खांद्यावर घेतला. भुऱ्याने धडपा हुंगला, शेपूट हलवलं, भाकर हुंगली आणि तोंड फिरवलं. दारातून तातेरावाची तिसरी हाक आली, “वैनी, निघायचं का न्हाई? बैल जुपून राहिलो म्या!”

ती बराच वेळ भुऱ्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मग एकदम उठली आणि पदर खोचला.

“लखमाभाऊ, तुमच्या घरी तिखट हाय का?”

“तिखट? आता कशाला तिखट?”

“आना तर खरं. मूठभर आना. आन् शेळीचं दूध काढून ठिवा.”

लखमाला उमगेना, पण साहेबांना उमगलं. त्यांनी चष्मा काढला. “बाई, जनावर बीमार आहे.”

“पोटात थोडंच जाईल, साहेब. तुमी म्हनलात ना, भूक मारंल म्हून?”

लखमा तिखट घेऊन आला तशी तिने फडक्यातली स्वतःच्या दुपारच्या जेवणाची भाकर सोडली. अर्ध्या भाकरीचे तुकडे केले, प्रत्येकात तिखट भरलं. पहिला तुकडा तिने पुढे केला आणि म्हणाली, “घे.”

भुऱ्याने पाहिलंसुद्धा नाही. तिचा हात, त्यात काय बघायचं? गपकन घेतला आणि गिळला. पुढच्याच क्षणी तो शिंकला, खोकला, डोळ्यांतून पाणी गळायला लागलं आणि तो पळून येणार कुणाकडे, तर तिच्याकडेच! तिच्या मांडीत तोंड घालून कुंई कुंई करायला लागला.

लखमाने दुधाचं पातेलं पुढे सरकवलं. भुऱ्याने तिकडे बघितलंही नाही.

“घे,” ती म्हणाली आणि दुसरा तुकडा दिला.

या वेळी त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं, मग तुकड्याकडे, पुन्हा तोंडाकडे. आणि घेतला. चुकलंमाकलं असेल तिचं, असं समजूनच त्याने तो खाल्ला असावा.

तिसरा तुकडा त्याने बराच वेळ हुंगला. तिचं मनगट चाटलं. जणू म्हणत होता, हे नको, दुसरं दे. तिने दुसरं दिलं नाही. त्याने डोळे मिटून तोही तोंडात घेतला.

“बस कर, बाई,” साहेबांचा आवाज बदलला होता. “वो मर जायेगा, तेरा हाथ नहीं छोडेगा.”

“सोडंल,” ती म्हणाली. “आता थांबले तर समदं वाया जाईल.”

चौथा तुकडा पुढे केला आणि भुऱ्या मागे सरला. दावं ताणेपर्यंत मागे सरला. जीभ बाहेर, लाळेची धार लागलेली, आणि शेजारी लखमापुढे दुधाचं पातेलं. तो पातेल्याजवळ गेला, नाक आत घालणार इतक्यात थांबला. वळून त्याने धुरपताबाईकडे पाहिलं. ती काय म्हणते याची वाट बघत होता तो, एवढ्या सगळ्यानंतरसुद्धा.

“घे” म्हणायचं नव्हतं. आता तिचा शब्द त्याला लागायलाच नको होता. तिने ओठ दाताखाली दाबले आणि त्याच्याकडे पाठ केली.

थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग लपालप, लपालप सुरू झालं.

“पितंय, मावशी! पितंय की!” लखमा ओरडला. “भाकरबी खातंय! हे बघा, हातातून खातंय!”

तिचा जीव भांड्यात पडला. वळून पाहिलं तर भुऱ्या लखमाच्या तळहातावरचा दुधातला चुरा चाटत होता. तिच्याने राहवलं नाही. उरलेल्या अर्ध्या भाकरीचा एक बिनतिखटाचा तुकडा तिने दोनदा झटकून, फुंकून पुढे केला. भुऱ्याने तिचा हात लांबूनच हुंगला. मग लखमाच्या गुडघ्याआड जाऊन बसला आणि तोंड फिरवलं.

लखमाने पातेलं त्याच्याकडे सरकवलं.

“बराबर हाय लेकरा तुझं,” धुरपताबाई म्हणाली. “असंच कर.” तुकडा तिने शेळीपुढे टाकला, डोळे पुसले आणि साहेबांना हात जोडले. “धा दिवसांनी येते, साहेब. आला माझ्यासंगं तर नेईन. न्हाई आला तर लखमाभाऊकडं ऱ्हाऊ द्या.”

बाहेर तातेराव गाडी जुपून तयारच होता. “झालं का एकदाचं? चढ आता.”

“थांबा भावजी, जरासं.”

ती भिंतीला कान लावून उभी राहिली. आतून लपालप चालूच होती. मध्येच लखमा काहीतरी म्हणाला, पुन्हा दूध ओतलं गेलं. बैल शेपट्या हलवत राहिले, तातेराव पुटपुटत राहिला. शेवटी रिकामं पातेलं फरशीवर सरकल्याचा आवाज आला.

“हाना आता,” ती म्हणाली आणि गाडीत चढून गावाकडे तोंड करून बसली.