सकाळची आरती, दुपारी अडीचला

बेसा रोडच्या मागच्या नव्या कॉलनीतल्या लोकांनी दत्ताचं देऊळ हौसेनं बांधलं, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की सकाळची आरती सकाळी करावी लागते. संध्याकाळचं काही अडत नव्हतं. प्रसाद असायचा, गप्पा व्हायच्या. सकाळी सहाला मात्र सुभद्राकाकू एकट्याच. पुजारी तीन देवळं सांभाळायचा, त्याला इथं पोचायला आठ वाजत. शेवटी देवस्थान समितीनं मोटरवर नगारा आणि घंटा वाजवणारं यंत्र घ्यायचं ठरवलं. ते आपोआप सुरू होणार आणि आपोआप बंद होणार होतं. कॉलनीतलं एक माणूस उठलं नाही तरी देवाची आरती चुकणार नाही, असा हा भक्तीचा मार्ग.

समितीचे सचिव श्रीधरराव पारशिवनीच्या तहसील कार्यालयातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. त्यांचं म्हणणं, जरीपटक्याच्या बाजारातून साधा टायमर आणावा.

"काका, टायमर काय लावता?" वैभवी भर सभेत म्हणाली. "मी लिनक्स लावते."

वैभवी सत्तावीस वर्षांची, एका कंपनीसाठी घरूनच यंत्रांचे प्रोग्राम लिहायची. तिनं पत्त्याच्या कॅटएवढा एक कॉम्प्युटर बोर्ड आणला, त्यावर लिनक्स ही कॉम्प्युटर चालवणारी प्रणाली टाकली, त्याला घड्याळाची चिप जोडली, रोजची सहाची वेळ लावली. आठवडाभर घरी चालवून पाहिलं. सेकंदाचाही फरक नाही. मग देवळात नेऊन बसवलं. सभेत टाळ्या झाल्या. श्रीधररावांनी वाजवल्या नाहीत.

सोमवारी आरती सव्वासातला झाली. मंगळवारी नऊला. बुधवारी अकराला, तेव्हा पुजारी जाऊन अडीच तास झाले होते. लोक म्हणाले, नवीन आहे, बसेल रुळावर. गुरुवारी वाजली तेव्हा कुणी घड्याळच पाहिलं नाही.

शुक्रवारी दुपारी अडीचला, मे महिन्याच्या भर उन्हात, सगळी कॉलनी पडदे ओढून कूलरसमोर पडलेली असताना, नगारा दणाणला. सुभद्राकाकू झोपेतून उठून तशाच निरांजन घेऊन धावल्या. बाकीचे यंत्राला शिव्या द्यायला धावले. पण काकूंनी आरती धरली होती, आणि धरलेली आरती मधेच तोडायची कुणाची छाती होईना. तेव्हा सगळे उभे राहिले. सभामंडपावर छप्पर अजून घालायचं होतं आणि फरशी तापून तवा झालेली. वीस-पंचवीस माणसं अनवाणी, एक पाय वर, एक खाली, टाळ्या वाजवत नाचत होती. रस्त्यानं जाणारा एक कुरिअरवाला गाडी थांबवून हात जोडून म्हणाला, "काय भक्ती आहे बाप्पा!"

आरती संपल्यावर श्रीधरराव वैभवीकडं वळले. त्यांचे तळपाय लाल झाले होते.

"हे तुझं लिनक्स काय?"

वैभवीला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. तिनं लॅपटॉप आणला आणि गाभाऱ्यालगतच्या खोलीत बसली. श्रीधरराव समोर खुर्ची टाकून बसले. ते मदतीला नव्हते, साक्षीला होते.

काय झालं ते तिला पाच मिनिटांत कळलं. या बोर्डाला स्वतःचं चालू राहणारं घड्याळ नसतं. लाइट गेली की त्याची वेळ तिथंच थांबते, आली की तिथूनच पुढं सुरू. आठवडाभर ट्रान्सफॉर्मरचं काम चालू असल्यानं लाइट रोज एक-दोन तास जायची, आणि आरती रोज आणखी तेवढी मागं पडायची. घरी वायफाय होतं, बोर्ड इंटरनेटवरून वेळ दुरुस्त करून घ्यायचा, म्हणून तिला पत्ता लागला नव्हता. देवळात इंटरनेट नाही. त्यासाठीच तर बॅटरीवर चालणारी ती घड्याळाची चिप. मग चिप काय करत होती?

तिनं तारा हलवल्या. चिप बदलली. बॅटरी बदलली. बोर्डावरून हाक मारली, तर चिप लगेच ओ देत होती. तरी लिनक्स तिच्याकडं ढुंकून बघत नव्हतं. चार वेळा बंद-चालू केलं. साडेचार वाजले.

"काय करून राहिली वं तू मघापासून?" श्रीधरराव म्हणाले. "मले समजंल असं सांग."

ती वैतागलेली होती, पण बोलल्यानं डोकं चालतं म्हणून बोलली. "काका, बोर्डाला काय काय जोडलंय ते लिनक्सला आपलं आपण कळत नाही. सुरू होताना त्याला एक यादी मिळते. डिव्हाइस ट्री म्हणतात. यादीत नाव असेल तरच ते त्या वस्तूला काम देतं."

"म्हणजे हजेरीपट."

"हौ. आणि नंतर काही नवीन जोडलं, तर सगळी यादी नव्यानं लिहायची नाही. वेगळा कागद जोडायचा. त्याला ओव्हरले म्हणतात."

"जोडपत्र!" श्रीधरराव खुर्ची ओढत पुढं आले. "आयुष्य गेलं माझं त्यात. मग तुझ्या चिपचं जोडपत्र लावलं नाही काय?"

"लावलं न! ही पहा ओळ. एक अक्षर चुकलेलं नाही. दहादा वाचली."

"ओळ नको दाखवू. पूर्ण कागद दाखव."

तिनं फाइल वर सरकवली. श्रीधररावांनी चष्मा पुसला आणि पडद्यावर बोट ठेवून पहिल्या ओळीपासून वाचायला लागले. इंग्रजी शब्द ते एकेक अक्षर सुटं करून वाचत होते. वैभवीनं दोनदा जांभई दिली. खालून चौथ्या ओळीशी बोट थांबलं.

"हे चौकटी कंसात काय आहे?"

"ते बोर्डाच्या एका मॉडेलचं नाव आहे. त्या मॉडेलसाठी कंपनीनं आधीच एक ओव्हरले दिलेला असतो. तो दिसला म्हणून मी आपली ओळ त्याच्याच खाली..."

"आपला बोर्ड त्याच मॉडेलचा?"

वैभवीनं बोर्डावर छापलेलं नाव पाहिलं. ते दुसरंच होतं.

"पोरी," श्रीधरराव म्हणाले, आणि त्यांचा आवाज भलताच मऊ झाला होता, "शीर्षकाखाली जे येते ते त्या शीर्षकालेच लागू होते. पुढचं शीर्षक येईपर्यंत. रामटेकचा आदेश पारशिवनीले कसा चालंल गा?"

आनंदात ते तिला 'वं' सोडून पुरुषाला म्हणतात तसं 'गा' म्हणाले, हे त्यांच्याही लक्षात आलं नाही.

त्या कंसाच्या खाली दुसरा एक कंस होता, सगळ्या बोर्डांना लागू होणारा. तिची ओळ त्याच्या खाली हवी होती आणि ती एक ओळ वर बसली होती. चिप, तारा, बॅटरी, सगळं ठीक होतं. ओळ खाली टाकायला तिला तीन सेकंद लागले. बोर्ड पुन्हा सुरू झाल्यावर लिनक्सनं चिपला ओळखलं. तिनं चिपमध्ये बरोबर वेळ भरली, मेन स्विच पाडला, आणि दोघं पायरीच्या सावलीत तासभर बसून राहिले. स्विच वर केला. मनगटावरच्या घड्याळाशी वेळ जुळली.

"भैताड आहे मी," वैभवी म्हणाली.

"आहेस," श्रीधरराव म्हणाले. "पण टायमरही लाइट गेल्यावर बंदच पडला असता. हे मी सभेत बोलणार नाही."

शनिवारी सकाळी बरोबर सहाला नगारा वाजला. कॉलनीच्या ग्रुपवर सहा वाजून चार मिनिटांनी पहिली तक्रार आली, साडेसहापर्यंत एकोणीस. दुपारपेक्षा हे वाईट, असं सगळ्यांचं मत पडलं. दुपारी निदान माणूस चहासाठी उठणारच असतो. संध्याकाळी तातडीची सभा भरली आणि आरती आठला करावी असा ठराव आला.

"आठ वाजता मले नळाचं पाणी राहते," सुभद्राकाकू म्हणाल्या. "आरती मी करतो, झोपता तुम्ही. वेळ तुम्ही काहून ठरवून राहिले?"

श्रीधररावांनी ठराव बारगळल्याची नोंद केली.

रविवारी घड्याळ टिकलं का ते बघायला वैभवी पावणेसहाला देवळात गेली. काकूंनी काही न विचारता निरांजन तिच्या हातात दिलं आणि स्वतः फुलं वाहायला लागल्या. आरतीचं दुसरं कडवं तिला येत नव्हतं. तिथं तिनं नुसते ओठ हलवले.