सांगणारीचा डाव

धनश्रीने स्टीलचा डबा दोनदा खुळखुळवला आणि शंभूपुढे धरला. शंभूने डोळे मिटून आत हात घातला, बोटांनी बराच वेळ चाचपलं आणि एक चकती बाहेर काढली.

"तीन!" त्याची बायको रुपाली त्याच्या खांद्यावरून वाकून ओरडली. "गेला! पडला भिंतीवरून!"

"पडलो नाय. जरा लवकर उतरलो," शंभू म्हणाला.

तिघं हसत असतानाच लोटलेलं दार उघडलं आणि उंबऱ्यात गिताबाई उभ्या राहिल्या. सणसवाडीतल्या त्या आठ खोल्या त्यांच्या आणि त्यांचे यजमान मारुतराव यांच्या. कोपऱ्यातल्या खोलीत शंभू आणि रुपाली भाड्याने राहत होते, शेजारच्या खोलीत धनश्री एकटी. गुरुवार होता. कारखान्यांना सुट्टी आणि लाईटलाही.

"पैसं कुठं हायत?" गिताबाईंनी विचारलं.

"कसले पैसे, मावशी?"

"डावाचं." त्या आत आल्या आणि त्यांनी चटईचं टोक उचलून पाहिलं. खाली रुपालीची हरवलेली टिकल्यांची पाकिटं सापडली. "आमच्या ह्यांस्नी कुनीतरी सांगितलंय. दर गुरवारी हितं डबा वाजतो, मग आरडाओरडा हुतो. जुगार असंल तर एक तारखेला दोनी खोल्या रिकाम्या करा, म्हनले."

शंभूचं हसू विरलं. धनश्रीने डबा खाली ठेवला. शंभू-रुपालीला दुसरी खोली मिळालीही असती. दौंडहून नोकरीसाठी आलेल्या एकट्या बाईला खोली द्यायला इथे चार घरमालकांनी नकार दिला होता, तेव्हा कुठे गिताबाई हो म्हणाल्या होत्या.

"जुगार नाही, मावशी. गोष्टीचा खेळ आहे," ती म्हणाली. "मी गोष्ट सांगते. हे दोघं त्या गोष्टीतली माणसं होतात. शंभू योद्धा आहे, रुपाली जादूगार. समोर काही संकट आलं, की काय करायचं ते त्यांनी सांगायचं. जमलं की फसलं, ते ही चकती ठरवते. एक ते वीस. मोठा आकडा आला तर जमलं."

गिताबाईंनी डब्यात डोकावून पाहिलं. हाउजीच्या खेळातल्या चकत्या होत्या त्या. मूळ खेळाला वीस पैलूंचा फासा लागायचा. तो पुण्यातही मिळाला नव्हता.

"आन् जिकतं कोन?"

"कोणीच नाही."

"मग हारतं कोन?"

"हरत पण नाही कोणी."

"मग खेळता कशापायी?"

धनश्रीच्या मांडीवर खेळाच्या नियमांची झेरॉक्स प्रत होती. पॉलिटेक्निकच्या होस्टेलवर एका सीनियर मुलीने ती तिला दिली होती. दोनशे पानांचं ते इंग्रजी धनश्रीने सहा वर्षांत इतक्यांदा वाचलं होतं, की कुठला नियम कुठल्या पानावर, हे ती झोपेतही सांगू शकली असती. पण हा प्रश्न कुठल्याच पानावर नव्हता.

गिताबाई चटईवर बसल्या. "मी खेळून बघते. जुगार असंल तर मला कळतंय लगीच."

रुपालीने तोंडाला पदर लावला.

"बरं," धनश्री म्हणाली. "तुम्ही कोण होणार ते आधी ठरवा. योद्धा, जादूगार, वैद्य, नाहीतर चोर."

"चोर? आन् म्हने चांगला खेळ हाय!" गिताबाई म्हणाल्या. "मेंढरं राखनारी न्हाई का?"

धनश्रीने पानं उलटली. मेंढपाळ नव्हता. लग्नानंतरची सात वर्षं गिताबाई मेंढरांमागे हिंडल्या होत्या, हे तिला ऐकून ठाऊक होतं. दिवाळी झाली की घाट उतरून कोकणात, पावसाच्या आधी परत वर. पुढे मेंढरं गेली, शेती आली, कारखाने आले आणि शेताच्या कडेला या खोल्या उभ्या राहिल्या.

"वाटाड्या आहे," ती म्हणाली. "रस्ता दाखवणारा. त्याच्याबरोबर मेंढरं असली तर चालेल."

"किती?"

"किती हवीत?"

"चाळीस. आन् दोन कुत्री," गिताबाईंनी लगेच सांगून टाकलं.

गोष्ट अशी होती, की डोंगरातल्या एका खिंडीपलीकडे गाव होतं आणि खिंडीत राक्षस बसला होता. शंभूला तलवार काढायची घाई झाली होती. गिताबाईंनी त्याला हाताने थोपवलं.

"ह्यो राक्षस जेवलाय का?"

"अं?"

"भुकेला असंल तर येगळं. जेवून बसला असंल तर येगळं."

धनश्रीने पान काढलं. राक्षसाचं बळ होतं, चिलखत होतं, धावण्याचा वेग होता. "लिहिलेलं नाही, मावशी."

"मग कुनाला इचारायचं?"

"मीच ठरवायचं असतं अशा वेळी." तिने थोडा विचार केला. "भुकेला आहे."

"नाक मोठं हाय का त्येचं?"

धनश्रीने चित्र बघितलं. "बरंच मोठं आहे."

"आन् वारं कुनीकडून येतंय?"

सहा वर्षांत या खेळात वारा आला नव्हता. धनश्रीने पुस्तक मिटलं, खिडकीबाहेर बघितलं. वाळत घातलेले कपडे रस्त्याकडे फडफडत होते. "मागून. गावाकडून तुमच्याकडे नाही, तुमच्याकडून खिंडीकडे."

"मग झालंच की! आत्ता गेलो तर त्याला वास लागंल. सांजचं वारं फिरतंय, तवा जायाचं. कुत्र्यांची तोंडं बांधायची आन् मेंढरं कड्याच्या अंगानं काढायची."

"आणि मी?" शंभूने विचारलं.

"तू मागं राहा. कोकरू मागं ऱ्हायलं तर उचलून आन."

डबा वाजला. गिताबाईंनी चकती काढून हातभर लांब धरली, डोळे बारीक केले. "ह्ये काय, सतरा का?"

सतराच होते. रुपाली एवढ्या जोरात ओरडली की पलीकडच्या खोलीतली माणसं दारात आली. गिताबाईंनी डोक्यावरचा पदर नीट केला. त्यांचे गाल लाल झाले होते.

निघताना त्या म्हणाल्या, "जुगार न्हाई ह्यो. मी सांगते त्येंस्नी." मग उंबऱ्यात थांबून मागे वळल्या. "येक ऱ्हायलं. त्यो योद्धा, ती जादूगार, मी वाटाडी. तू कोन हायस ह्यात?"

"मी सांगणारी. राक्षस मी, गाव मी, वारा मी. बाकीचं सगळं मीच."

"म्हंजी कुनीच न्हाईस."

"तसंच असतं मावशी. कोणीतरी सांगावं लागतं."

"आन् तुझा डाव कवा येतो?"

"येत नाही. सांगणारी खेळत नाही."

"रोज सगळ्यांस्नी वाढून मग ऱ्हायलेलं खायचं, तसं व्हय," असं म्हणून गिताबाई चालू लागल्या.

धनश्रीला त्याचं हसू आलं. पण शुक्रवारी कंपनीत माप तपासायच्या गेजमध्ये एकेक पिन घालून बघताना ते वाक्य सारखं आठवत राहिलं. होस्टेलवर पुस्तक तिने एकटीने वाचलं, म्हणून ती सांगणारी झाली. मग शंभू-रुपालीला तिने शिकवलं, म्हणून इथेही तीच. तू कोण होणार, असं तिला आजवर कोणी विचारलं नव्हतं आणि तिनेही ते कधी मनात येऊ दिलं नव्हतं. कंपनीतही दिवसभर माणसं ट्रे घेऊन तिच्यापुढे येत. "मॅडम, पास का?" ती सांगायची.

पुढचे दोन गुरुवार गिताबाई आल्या, भाजलेल्या शेंगा घेऊन. त्यांच्या शंका संपत नव्हत्या. जादूगाराला सोयर-सुतक पाळावं लागतं का? वैद्याने बरं केलेला माणूस परत आजारी पडला तर आकडा पुन्हा काढायचा का? चोराने आपल्याच माणसांचं चोरलं तर पंचायत कोण बसवणार? धनश्रीने वेगळी वही केली. वारा, पाणी, जनावरांचा चारा, पंचायत. झेरॉक्समध्ये नसलेले नियम तीत उतरत गेले.

"आबा काय म्हणाले?" ती दर वेळी मारुतरावांबद्दल विचारायची.

"त्येंचा इस्वास न्हाई," गिताबाई शेंग सोलत म्हणायच्या. "म्हनतात, जिकत न्हाई, हारत न्हाई, आसला खेळ आसंल कसा? सवता येऊन बघनार हायत."

त्यापुढच्या गुरुवारी मारुतराव खरंच आले. आत यायला तयार झाले नाहीत. पायरीवर पाठ करून बसले, म्हणजे ऐकायला यावं पण बघितल्यासारखं होऊ नये. एक तारखेला तीन दिवस उरले होते. धनश्रीने डबा जवळ ओढला, पुस्तक उघडलं.

"सरक तिकडं," गिताबाई म्हणाल्या.

"का?"

"मला बसू दे तुझ्या जागंवर. आज मी सांगते."

"पण मावशी, नियम..."

"नेम अडला तर तुला इचारीन की. गोष्ट माझी."

शंभूने मुकाट्याने सरकून जागा केली. गिताबाई भिंतीला टेकून बसल्या, पुस्तक बाजूला ठेवलं आणि सुरुवात केली. "घाटाखाली नदी हाय. वळवाचा पाऊस वर कुठं तरी पडून गेलाय, पानी गढूळ झालंय. मेंढरं अलीकडं हायत. पलीकडं तळ ठोकायचा हाय..."

"तिथं चालत नदी वलांडाय उतार न्हवता," पायरीवरून आवाज आला. "उतार वरच्या अंगाला हुता, करंजाच्या झाडापाशी."

"तुमी खेळात न्हाई. गप बसा," गिताबाई म्हणाल्या.

मारुतरावांनी पायरीवरच बूड फिरवून तोंड आत केलं. "मग मला घ्या की खेळात. उतार म्या दावतो."

रुपालीने हसू दाबत त्यांना चटई दिली. त्यांनी चपला बाहेर काढल्या, टोपी सारखी केली आणि चोर व्हायचं ठरवलं. गिताबाईंनी कपाळाला हात लावला.

"आन् तू गं?" त्या धनश्रीकडे वळल्या. "तू कोन?"

सगळे तिच्याकडे बघू लागले. धनश्रीने पुस्तकाकडे हात नेला आणि परत घेतला. या दोनशे पानांतली सगळी माणसं तिला पाठ होती. कोणाचं काय बळ, कोणाचं काय उणं, सगळं. शंभू म्हणाला, वैद्य हो, आपल्याकडे वैद्य नाही. रुपाली म्हणाली, राजकन्या हो. धनश्री नखाने चटईची काडी उचकटत राहिली.

"काहीच येत नसलेली चालेल का?" शेवटी तिने विचारलं. "नुसती निघालेली. नवीन."

"चालंल की. कुठं निघालीस?"

"ते अजून माहीत नाही."

"बरं. नदीपाशी आलीस तू. काय करतीस?"

धनश्रीने सवयीने बाकीच्यांकडे बघितलं. ते तिच्याकडेच बघत होते.

"पाणी किती खोल आहे?"

"कमरंएवढं दिसतंय. आत गेल्याबिगर कळायचं न्हाई."

"पलीकडे काय आहे?"

"ते बी."

"उतरते," धनश्री म्हणाली.

गिताबाईंनी डबा खुळखुळवून तिच्यापुढे धरला. चकत्या गार आणि गुळगुळीत होत्या. डब्यात तिने हजार वेळा हात घातला असेल, पण तो चकत्या मोजून परत भरायला. तिने एक काढून चटईवर ठेवली.

दोन.

"अरारारा," मारुतराव हळहळले. शंभूने डोळ्यांवर हात घेतला. गिताबाईंनी एक शेंग घेतली, सावकाश फोडली, दाणे तळहातावर चोळून फुंकर मारली.

धनश्री गुडघ्यांवर उठून बसली होती. तिचे केस सुटून तोंडावर आले होते आणि ती हसत होती.

"मग?" तिने विचारलं. "मावशी, सांगा की! मग काय झालं?"