अठरा व्होल्ट, बारा व्होल्ट आणि आत्याचं मनगट

शनिवारी सकाळी आत्याच्या गॅरेजमध्ये एका धुतलेल्या फडक्यावर बोल्ट फिरवायच्या, बॅटरीवर चालणाऱ्या तीन नव्याकोऱ्या रॅचेट ओळीने निजवलेल्या होत्या आणि त्यांच्यासमोर वही-पेन घेऊन तोफ उभी होती. थाट असा, की जणू मुलगी बघायला आलेल्या मंडळींतली ही सर्वांत खडूस मावशी.

तोफ म्हणजे आत्याची भाची, नववीतली. वर्षभरापूर्वी तिला तोफ म्हटलं असतं तर लोक हसले असते, कारण तेव्हा ती पाहुण्यांशी आईच्या पाठीमागून बोलायची, तेही मान हलवून. पण दोन महिन्यांपूर्वी विज्ञानाच्या बाईंनी तिला वर्गासमोर तरफेवर दहा मिनिटं बोलायला उभं केलं. पहिली दोन मिनिटं ती फळ्याकडे तोंड करून बोलली, मग कोण जाणे काय झालं, घंटा वाजली तरी ती खाली बसेना. तेव्हापासून तिला प्रत्येक गोष्टीवर मत होतं आणि ते मत सगळ्यांना ऐकावं लागत होतं.

या शनिवारचं मत आत्याच्या मनगटाबद्दल होतं.

आत्या बावीस वर्षं गाड्या दुरुस्त करत आली होती. हाताच्या रॅचेटने बोल्ट खोलायचा म्हणजे कर्र-कर्र, पुढे-मागे, पुढे-मागे. असे लाखभर बोल्ट झाल्यावर उजव्या मनगटाने संप पुकारला होता. डॉक्टर म्हणाल्या होत्या, "ते पुढे-मागे बंद करा, नाहीतर मनगट तुम्हाला बंद करेल." आत्या घरी येऊन म्हणाली, "काही विशेष नाही." आत्याला हात कापला तरी विशेष नसायचं. पण त्याच आठवड्यात स्पेअर पार्टच्या दुकानाच्या मालकाने तिला काउंटरवर बसायला बोलावलं आणि आत्याने नाही म्हणण्याऐवजी "सोमवारी सांगते" म्हटलं. तोफेने ते ऐकलं. आत्या काउंटरवर! म्हणजे वाघाला पोस्टाची तिकिटं विकायला बसवण्यासारखंच.

मग तोफ एकटी हत्यारांच्या दुकानात गेली आणि तिने दुकानदाराला इतकं समजावलं, इतकं समजावलं, की त्याने तिन्ही यंत्रं एका दिवसासाठी काढून दिली. "संध्याकाळी परत आण, नाहीतर जे ठेवाल त्याचे पैसे आण," तो म्हणाला, "पण आता जा बाई, माझी बाकीची गिऱ्हाइकं तिष्ठतायत."

तर एक होती नारिंगी, अठरा व्होल्टची, ढेरपोटी आणि दणदणीत. दुसरी करडी, बारा व्होल्टची, आखूड. तिसरी जांभळी, तीही बारा व्होल्टचीच, पण मान लांब, बगळ्यासारखी. तिघी तीन कंपन्यांच्या.

"आणि एका घरची बॅटरी दुसऱ्या घरात नांदत नाही," तोफेने वहीत लिहिता लिहिता जाहीर केलं. "तुझ्या ड्रिलला नारिंगी कंपनीच्या दोन बॅटऱ्या आहेतच. म्हणजे नारिंगीला एक गुण आधीच."

"परीक्षा सुरू व्हायच्या आधीच गुण?" आत्या म्हणाली. "आमच्या वेळी असं नव्हतं."

कोपऱ्यात लोखंडी घोडीवर एक जुनं इंजिन कायमचं मुक्कामाला होतं. त्याला दोघी आजोबा म्हणायच्या. तोफेने आजोबांचे बोल्ट एकेक करून खोलले आणि बसवले, प्रत्येक यंत्राने, घड्याळ लावून. स्वयंपाकघरातला वजनकाटा आणून वजनं केली, ताकदीचे आकडे खोक्यांवरून उतरवले. तिची वही अशी भरली: नारिंगी, ताकद ऐंशी, वजन एक किलो नऊशे, करडी, ताकद पंचावन्न, वजन एक किलो दोनशे, जांभळी, ताकद पंचेचाळीस, वजन एक किलो तीनशे. नारिंगीने बोल्ट असे भिरभिरवले की आजोबासुद्धा दचकले असतील. जांभळी मात्र कडक बोल्ट आला की घरघरायची आणि थांबायची.

"ही जांभळी म्हणजे नाव मोठं लक्षण खोटं," तोफ म्हणाली. "लांब मान काय चाटायचीय? नारिंगी! डाव्या हातचा मळ आहे. बघ, बघ, एका हाताने!"

आत्या चहाचा कप डाव्या हातात धरून बघत होती. हल्ली ती कप डाव्याच हातात धरायची.

"बॅटऱ्या आहेतच घरात," ती म्हणाली. "नारिंगी चालेल."

तोफेने नारिंगीभोवती दोन गोल काढले. प्रकरण तिथेच मिटलं असतं, पण तेवढ्यात दारात हॉर्न वाजला. ड्रायव्हरकाका आले होते. आयुष्यभर बस चालवून आता निवृत्त. स्वतःची जुनी गाडी मात्र ते बसच्याच रुबाबात वळवत. गाडीखालून पाण्याची रेघ दारापर्यंत आली होती.

"पाण्याचा पंप गेला," आत्याने बॉनेट उघडायच्या आधीच सांगितलं.

"वा! डॉक्टर तुमच्यासारखे असते तर मी शंभरी गाठली असती."

"आत्या, खरी परीक्षा!" तोफ ओरडली. "तू कर. सहा बोल्ट नारिंगीने, सहा करडीने, सहा जांभळीने. म्हणजे मला वहीत 'प्रत्यक्ष काम' असा रकाना भरता येईल."

आत्याने मान डोलावली. लांब दांडा लावून, खांद्याचा जोर देऊन तिने आधी सगळे बोल्ट नुसते सैल केले, कारण जाम बोल्ट यंत्राने फोडायला जाणं म्हणजे यंत्राचाही घात आणि बोल्टाचाही. मग नारिंगी उचलली आणि रेडिएटरच्या मागे हात घातला. तिथे जागा तळहाताएवढी.

आणि ती गुणगुणायला लागली.

आत्या काम करताना नेहमी गुणगुणायची. एकच चाल, बावीस वर्षं. ती कुठली, कोणाची, शब्द काय, कोणालाच ठाऊक नव्हतं, आत्यालाही नाही. तिला शेवटही नव्हता, गोल फिरून पुन्हा पहिल्यावर यायची. गॅरेजमध्ये ती चाल भिंतीच्या रंगासारखी होती. असायची म्हणून कोणी बघायचं नाही.

तोफ सेकंद मोजत होती. एक बोल्ट. दुसरा. तिसरा. सगळं झकास चाललं होतं, तरी तिला एकदम चुकल्यासारखं वाटलं. घरातला फ्रिज बंद पडला की वाटतं ना, काहीतरी थांबलंय, पण काय ते कळत नाही, तसं. तिने यंत्राकडे पाहिलं, ते चालू होतं. आत्याकडे पाहिलं, आत्याही चालू होती. फक्त आवाज नव्हता. चौथा, पाचवा, सहावा बोल्ट आत्याने ओठ मिटून काढला.

"कशी वाटली?" तोफेने विचारलं.

"चांगली आहे. दणकट."

"हात?"

"हाताला काय झालंय?"

आत्याने करडी उचलली. दोन बोल्ट होईतो गप्पच, मग चाल सुरू झाली, मग पाचव्याला पुन्हा तुटली. तोफेचं पेन जागच्या जागी थांबलं. आता तिला सगळं सांगून टाकावंसं वाटलं. पण तिने ते गिळलं. कारण आत्याला कळलं, तर आत्या मुद्दाम गाईल. दात-ओठ खात, पण गाईल, शेवटच्या बोल्टपर्यंत. तेव्हा तोंड बंद. तोफेसाठी हे अठरा व्होल्टहून अवघड काम होतं.

"काय ग," ड्रायव्हरकाका स्टुलावरून म्हणाले, "तू दहा मिनिटं बोलली नाहीस. बरं वाटत नाही का?"

"श्श!"

"मला श्श? मी साठ-साठ माणसांना गप्प बसवलेला माणूस आहे."

"काका, प्लीज. विज्ञान चालू आहे."

काका विज्ञानाला मान देऊन गप्प बसले. आत्याने जांभळी घेतली. लांब मान पुढची सगळी गर्दी चुकवून सरळ बोल्टपर्यंत पोहोचली. आत्याचा हात बाहेरच राहिला, उजेडात, सरळ. घर्र झालं आणि चाल सुरू झाली. पहिला, दुसरा, तिसरा. चौथ्याला तर आत्याने मधली एक हरकतसुद्धा घेतली. पाचव्याला काकांना राहवलं नाही, ते बरोबर गुणगुणू लागले, पण वरच्या सुरात गेले.

"खाली घ्या काका, तिथे खाली येतं," आत्या रेडिएटरवरून म्हणाली आणि पुढे चालू झाली. सहावा बोल्ट निघाला तरी चाल चालूच. तेही दमलेल्या हाताने, सगळ्यांत शेवटी.

तोफेने वहीत एक नवा रकाना आखला. त्याला नाव काय द्यावं सुचेना, म्हणून नुसता आखला. विज्ञानाच्या बाई सांगायच्या, एकदा झालं तर योगायोग, पुन्हा करून बघा. म्हणून नवा पंप बसवताना तिने क्रम उलटा करायला लावला. बसवताना शेवटचा आवळ आत्या मापाच्या पान्याने हातानेच द्यायची, पण तोवर बोल्ट फिरवायला यंत्रच. जांभळीबरोबर चाल अखंड. करडीला चौथ्या बोल्टला तुटली. नारिंगीला दुसऱ्यालाच.

ड्रायव्हरकाका गाडी घेऊन, हॉर्न देऊन गेले. आत्या हात धुवायला वळली.

"नारिंगी ठेवू या," ती साबण चोळत म्हणाली. "बाकीच्या दोन देऊन ये."

"नारिंगी नाही."

"अगं, तूच तर दोन गोल काढलेस."

"मी चुकले." हे दोन शब्द तोफेने याआधी कधी उच्चारले होते, ते तिलाही आठवेना. "मी मनगट माझं वापरलं. आजोबा घोडीवर कमरेइतके उंच, सगळीकडून मोकळे, आणि मनगट पंधरा वर्षांचं. सगळं मोजलं मी, फक्त तुझा हात मोजला नाही."

"माझ्या हाताला काही..."

"तुझं गाणं तिसऱ्या बोल्टला बंद पडलं, आत्या. नारिंगीवर. नंतर दुसऱ्याला." तिने वही पुढे धरली. बिननावाच्या रकान्यात आकडे होते. "करडीवर पाचव्याला, मग चौथ्याला. जांभळीवर बंदच पडलं नाही. बोल्ट शेवटी अडला की यंत्र उलटा हिसका देतं ना? जितकी ताकद जास्त, तितका हिसका मोठा, आणि नारिंगीला त्या फटीत घालायला तू मनगट वाकवतेस. जांभळीचा हिसका मुळातच लहान, त्यात मान लांब, म्हणून हाताशी येईतो अगदीच थोडा उरतो. तरफ आहे ती! तरफ! मी घंटा वाजेपर्यंत त्याच्यावर बोलले होते आणि आज मला ती दिसली नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा."

नळ चालू राहिला होता. आत्याने तो बंद केला, डाव्या हाताने.

"मी गाते?" तिने विचारलं.

"बावीस वर्षं."

"मला वाटायचं मनात म्हणते."

ती स्टुलावर बसली. बराच वेळ तिने उजवं मनगट डाव्या मुठीत धरून ठेवलं, पाखरू धरावं तसं.

"दुखतं," आत्या म्हणाली.

तोफेने आयुष्यात पहिल्यांदा आत्याच्या तोंडून तो शब्द ऐकला.  तिने दुसरं स्टूल जवळ ओढलं आणि बसली.

"सकाळी उठल्यावर जास्त," आत्या सांगू लागली. "कुलूप उघडताना. नारिंगीच्या दुसऱ्या खेपेला तर डोळ्यांपुढे काजवे चमकले. पण म्हटलं, बॅटऱ्या घरात आहेत, कशाला आणखी पसारा. आणि जांभळीने काम होईल असं मला वाटलंच नव्हतं. सगळ्यांत मरतुकडी ती."

"कडक बोल्ट तू आधी खांद्याने फोडतेसच की. तिला फक्त फिरवायचंय. आणि शनिवारी फोडायला मी आहे."

"तू बोलून फोडशील त्यांना."

"चालेल. पण अट आहे. गाणं थांबलं की काम थांबवायचं. मग बोल्ट अर्धा का असेना."

 आत्याने खिशातून फोन काढला आणि स्पेअर पार्टच्या दुकानाला लावला. सोमवारची वाट पाहिली नाही.

"हां, मी बोलतेय. काउंटरचं ना? नको, दुसरं कोणी बघा... नाही हो, राग कसला, तुम्ही आपुलकीने विचारलंत. तेवढं एक करा, पाण्याच्या पंपाची दोन गॅस्केट बाजूला काढून ठेवा, सोमवारी कोणीतरी येईल न्यायला."

मग तिने नारिंगी आणि करडी फडक्यात नीट गुंडाळून, जांभळीच्या पैशांसकट, तोफेच्या हातात दिल्या आणि जांभळीची बॅटरी चार्जरला लावली, ड्रिलच्या चार्जरशेजारी. दोन घरचे दोन चार्जर एका फळीवर बसले, सवतींसारखे, एकमेकांकडे न बघता. चार्जरवर हिरवा दिवा लुकलुकला.

तोफ दारापर्यंत पोहोचली तेव्हा मागून चाल सुरू झाली. नेहमीपेक्षा जरा मोठ्याने आणि जरा जास्तच सुरात.

"आता मुद्दाम गातेस!" ती वळून ओरडली.

"जा ग तोफे, दुकान बंद होईल!"

तोफ निघाली. गल्लीच्या वळणापर्यंत तिला ती चाल ऐकू येत होती, आणि वळणावर पोहोचता पोहोचता ती हळूहळू साधी झाली, नेहमीसारखी, कोणाला ऐकवायची नसल्यासारखी.