मकारची मोटार

राझिम सरोवराकाठच्या जुरिलोव्का गावात कुणाला होडीची जुनी मोटार घ्यायची असली, की पैसे खिशातून काढण्याआधी तो सिदोरला सोबत घेऊन जायचा. तीस वर्षं असंच चाललं होतं. सिदोर फार बोलायचा नाही. विकणारा मोटारीचे गुण गात असताना तो खाली बसून गिअरच्या पेटीचा स्क्रू सैल करायचा, थेंबभर तेल बोटावर घ्यायचा आणि अंगठ्याने चोळायचा. तेल दुधाळ झालेलं असलं की आत पाणी शिरलंय हे उघड होतं, पुढे बघायचं कारणच उरत नसे. मग तो पंख्याची पाती चाचपायचा, स्क्रूच्या डोक्यांवरचा रंग खरवडलाय का ते बघायचा, प्लग काढून भोकावर अंगठा दाबायचा आणि दोरी ओढायला सांगायचा. अंगठा किती जोरात उडतो त्यावरून सिलिंडरमध्ये किती दम उरलाय ते त्याला कळायचं. सगळं झालं की तो एक आकडा सांगायचा. त्या आकड्यावर राझिमच्या काठी कुणी घासाघीस करत नसे.

मकारची मोटार त्यानेच पारखली होती. पंचवीस घोड्यांची, दोन सिलिंडरची, सात वर्षं वापरलेली. सिदोरने तिच्यावर अख्खी सकाळ घालवली आणि म्हणाला होता, "घे. ही तुला दगा द्यायची नाही."

एरवी तो असं काही बोलत नसे. आकडा सांगून गप्प बसायचा. पण मकार त्याला लहानपणापासून आवडायचा, नवं लग्न झालेलं होतं, आणि म्हणून तोंडून ते वाक्य निघून गेलं.

पुढच्याच वर्षी ऑक्टोबरच्या शेवटी उत्तरेचा वारा सुटला, तेव्हा मकार जाळी काढायला राझिमवर गेला आणि परत आला नाही. होडी दुसऱ्या दिवशी उलटी तरंगताना सापडली, मकार चौथ्या दिवशी. मोटार नवव्या दिवशी लोकांनी गळ टाकून बाहेर काढली. मकार बुडाला त्या दिवशी काठावर फक्त त्याचा बाप तेरेंती होता. मकारची बायको अगाफिया आजारी आईकडे पलीकडच्या गावी गेली होती. तेरेंतीने सगळ्यांना सांगितलं की मोटार मध्येच बंद पडली. आवाज थांबलेला त्याने स्वतःच्या कानांनी ऐकला. मोटार थांबली तशी होडी लाटेला आडवी झाली आणि पोराला काही करता आलं नाही.

दफनाच्या दिवशी, कबरीवर माती पडत असताना, तेरेंती सिदोरकडे न बघता म्हणाला, "मोटारीने दगा दिला. आणि ती दगा देणार नाही म्हणणाऱ्यानेही."

त्यानंतर सिदोरने मोटारी पारखणं सोडलं. कुणी विचारलं तर डोळे अधू झालेत म्हणायचा. चर्चमध्ये तेरेंती त्याच्याकडे पाठ करून उभा राहायचा, आणि सिदोरला त्यात काही वावगं वाटत नसे. त्या सकाळी आपल्या नजरेतून काय सुटलं हे तो मनाशी हजारदा उगाळायचा. मोटार तेरेंतीच्या पडवीत ताडपत्रीखाली पडून होती. ती उघडून बघितली तर कळलं असतं. पण मागायचं धाडस त्याला झालं नाही. खरं सांगायचं तर, कळून घ्यायचंही झालं नाही.

दोन वर्षं अशीच गेली. ईस्टर उलटल्यावर एका सकाळी अजून सासऱ्याकडेच राहणारी अगाफिया हातगाडी ओढत त्याच्या अंगणात आली. गाडीवर ताडपत्री होती. सिदोरची बायको पेलागेया चहा घेऊन पुढे झाली, पण अगाफियाने डोक्यावरचा रुमाल नीट केला आणि उभीच राहिली.

"सिदोरकाका, तुल्चा शहरातून भंगारवाला येतोय. तीनशे लेई देतो म्हणतो. मला ही घरात नको आहे. पण फसायचंही नाही."

सिदोर म्हणाला की आपण हे काम सोडलंय, आणि या मोटारीला तर आपण हात लावणं बरं दिसणार नाही.

"बरं दिसायचं राहू द्या," ती म्हणाली. "किंमत सांगा. आणि ती बंद का पडली ते सांगा. बाबांना मी काही बोललेली नाही. ते जाळी विणायला गेलेत."

तिने गाडी तिथेच सोडली आणि निघून गेली.

सिदोरने दोन दिवस ताडपत्रीसुद्धा काढली नाही. तिसऱ्या दिवशी काढली. मोटार गंजून घट्ट बसली होती. त्याने प्लगच्या भोकांतून रॉकेल आणि तेल ओतलं, रात्रभर भिजू दिलं, सकाळी वरचं चाक दोन्ही हातांनी पकडून केसभर इकडे, केसभर तिकडे हलवलं. पुन्हा तेल, पुन्हा वाट बघणं. गिअरचा दांडा आणि गॅस दोन्ही पूर्ण पुढे ढकललेले राहिले होते. गिअरची पेटी मात्र चांगली निघाली. नऊ दिवस पाण्याखाली राहूनही आतलं तेल मधासारखं स्वच्छ होतं. पाण्याच्या पंपाचं रबर शाबूत होतं. जे जे आपल्याकडून राहून गेलं असेल अशी भीती त्याने दोन वर्षं बाळगली होती, ते एकेक करून तपासत गेला आणि कशातच खोट सापडेना.

पाचव्या दिवशी चाक फिरलं. त्याने सिलिंडरचं झाकण उतरवलं आणि एकेक पिस्टन वर आणून बघितला. वरचा पिस्टन अगदी काठाला येऊन टेकत होता. खालचा काठापासून चांगला दोन-तीन मिलिमीटर खालीच थांबत होता. सिदोरने बोट फिरवून बघितलं, मग पट्टी लावून बघितली. मग त्याने सगळं इंजिन उकललं आणि त्या पिस्टनला जोडलेला रॉड हातात घेतला. रॉड वाकला होता.

तो लाकडाच्या ओंडक्यावर बसला. पाण्यात बुडालेल्या मोटारी त्याने आयुष्यात बऱ्याच उघडल्या होत्या. बंद पडलेली मोटार बुडाली तर पाणी आत शिरतं, गंज चढतो, पण आतलं काही वाकत नाही. रॉड वाकतो तो मोटार भरात चालू असताना पाणी ओढून घेते तेव्हाच. हवेसारखं पाणी दाबलं जात नाही, आणि पिस्टन थांबायला तयार नसतो. दोघांच्या झटापटीत पोलाद वाकतं.

मोटार बंद पडली नव्हती. होडी उलटेपर्यंत ती चालू होती.

आधी त्याच्या छातीवरचा धोंडा उतरला, इतका एकदम की त्याला रडू आलं. मग आपल्याला हलकं वाटतंय याची लाज वाटली, कारण मकार काही त्यामुळे परत येणार नव्हता. आणि मग, हळूहळू, मनात दुसरीच पाल चुकचुकली. मोटार थांबली नव्हती, तर तेरेंतीने काय ऐकलं होतं?

संध्याकाळी त्याने पेलागेयाला सगळं सांगितलं, आणि म्हणाला की मी अगाफियाला सांगेन, मोटार बंदच पडली, पंप गेला होता. म्हाताऱ्याचं तिच्याशिवाय आता दुसरं कोण आहे? दोन वर्षं बोलणी खाल्ली, आणखी चार वर्षं खाईन.

पेलागेया मासे साफ करत होती. तिने सुरी थांबवली नाही.

"तीस वर्षं लोकांच्या मोटारींबद्दल खरं बोललास," ती म्हणाली. "आता खरं तुझ्या बाजूचं निघालं म्हणून खोटं बोलणार? त्या पोरीने तुला भलेपणा मागितलाय का?"

दुसऱ्या दिवशी अगाफिया आली. सिदोरने रॉड तिच्या हातात दिला आणि तो का वाकतो ते सांगितलं. बोलताना तो तिच्याकडे बघत नव्हता. तिने बोट रॉडवरून वरपासून खालपर्यंत फिरवलं.

"म्हणजे चालू होती."

"चालू होती. पुढच्या गिअरमध्ये. पूर्ण जोरात."

"मग बाबा म्हणाले ते..."

"वारा होता, पोरी. वाऱ्यात माणसाला काहीही ऐकू येतं."

मग रॉड तिने बाकावर हळूच ठेवला, काच ठेवावी तसा, आणि निघाली. फाटकाशी वळून म्हणाली, "बाबांच्या कानांत काही दोष नाही, काका. तुम्हालाही माहीत आहे."

रविवारी प्रार्थनेच्या आधी तेरेंती सिदोरच्या अंगणात आला. दोन वर्षांत पहिल्यांदा. दाढी विंचरलेली होती, कमरेला विणलेला पट्टा बांधलेला होता, पण बूट चुकून दोन जोडांतले दोन घातले होते. आल्याआल्या त्याने अंगणातली उकललेली मोटार बघितली. सिदोरने त्याला बस म्हटलं नाही. त्याच्या मनात त्या क्षणी दया नव्हती, हे त्याने नंतर पेलागेयापाशी कबूल केलं. दोन वर्षांची पाठ तेवढी आठवत होती.

तेरेंती उभ्यानेच बोलला.

"काल चहा ओतता ओतता तिने विचारलं. बाबा, तुम्ही काय ऐकलंत? मी सांगायला लागलो, पण निम्मं ऐकूनच ती उठून गेली. आता तुला सांगतो." तो थांबला. "त्या दिवशी तो जाणार नव्हता. आभाळ बघून नको म्हणाला. जाळी फाटतील म्हणून मीच मागे लागलो. वर म्हणालो, वाऱ्याला भितोस तर बायकोचा रुमाल बांधून घरात बस. तो हसला. हसला आणि गेला."

सिदोरने मोटारीवरची नजर त्याच्याकडे वळवली.

"मी काठावर उभा होतो. दिसत काहीच नव्हतं. पण आवाज येत होता, स्वच्छ. लांब गेला, मग वळला. जवळ यायला लागला. जवळ येत होता, सिदोर. मी मनात म्हणालो, आला. आणि मग नुसता वारा. मोटार अडखळली नाही, खोकली नाही. होडी उलटली हे मला तेव्हाच कळलं होतं. पण पहिल्यांदा कुणीतरी विचारलं, मोटार बंद पडली का, आणि मी हो म्हणालो. एकदा हो म्हटल्यावर ते रोज म्हणावं लागलं."

"आणि मी?" सिदोरने विचारलं. आवाज त्याला स्वतःलाच परका वाटला. "मी रोज रात्री ती मोटार मनात उघडत होतो, तेरेंती."

"माहीत आहे. तुझ्या खिडकीतला दिवा मला दिसायचा."

चर्चची घंटा वाजली. तेरेंतीने माफी मागितली नाही आणि सिदोरनेही दिली नाही. पण प्रार्थना संपल्यावर गावचे पुरुष अंगणात जमले, तेव्हा तेरेंती मध्ये उभा राहिला, टोपी काढली, आणि मोटार थांबली नव्हती, सिदोरने ती बरोबर पारखली होती, पोराला मी पाठवलं होतं, एवढं सगळ्यांदेखत बोलला. कुणी पुढे झालं नाही, कुणी दूषणही दिलं नाही. सिदोर त्याच्यासोबत फाटकापर्यंत चालत गेला. तेवढंच त्याला जमलं.

अगाफिया शनिवारी रात्रीच आईकडे निघून गेली होती. ती परत येणार नाही असं बायका म्हणू लागल्या. अठराव्या दिवशी ती परत आली. भंगारवाला येणार होता म्हणून आली, असं तिने सांगितलं.

सिदोरने तिला किंमत सांगितली. गिअरची पेटी, पंखा आणि तो बसवलेला खालचा पाय उत्तम आहे, नऊशे लेईच्या खाली एक पैसा घेऊ नकोस. तिने मान हलवली. मग विचारलं, "पुढच्या गिअरमध्ये होती म्हणालात. म्हणजे तो घराकडे येत होता?"

सिदोरला मोटारीवरून तेवढं सांगता येत नव्हतं. पण आता त्याला तेरेंतीकडून माहीत होतं. "घराकडे," तो म्हणाला. "पूर्ण जोरात."

ती अंगणात उभ्याउभ्या रडली. पेलागेया तिच्याजवळ जाऊन नुसती उभी राहिली.

भंगारवाल्याने घासाघीस करून बघितली, पण मोटार कुणी पारखलीय हे कळल्यावर नऊशे मोजले. उकललेले भाग पोत्यात भरले. उरलेला सांगाडा जड होता, आणि भंगारवाल्याचा खांदा दुखावलेला होता. एका बाजूने सिदोरने धरलं. दुसऱ्या बाजूला कोण धरणार म्हणून तो बघत होता, तेवढ्यात रस्त्यावरून तेरेंती आला आणि काही न विचारता खाली वाकला. दोघे म्हातारे ते ओझं घेऊन धापा टाकत, पावलाला पाऊल जुळवत गाडीपर्यंत गेले.

अगाफियाने गाडीचं दार धरून ठेवलं होतं. परत आल्यापासून ती सासऱ्याशी एक अक्षर बोलली नव्हती.

"बाबा, कंबर सांभाळा," ती म्हणाली. "आधी तुमची बाजू टेकवा."

तेरेंतीने आधी आपली बाजू टेकवली.