वंदनेची फळी

केडगावात भाड्याने घर शोधताना पहिला प्रश्न भाड्याचा नसतो, आडनावाचा असतो. आडनावाने भागलं नाही तर गावाचा. गावानेही भागलं नाही तर मग "खाणं कसं तुमचं?" जात विचारताना जात हा शब्द कोणी वापरत नाही, एवढी सुधारणा मात्र आपल्याकडे झाली आहे.

आमचे घरमालक रंगनाथ अण्णा दुसऱ्याच प्रश्नावर थांबले.

"जाधव? शेवगावकडचे? मग आपल्यातलेच की," ते म्हणाले. माझ्या नवऱ्याचं नाव भीमराज. त्यावरही त्यांना शंका आली नाही. "पांडवातला भीम. आमच्या चुलत्याचं बी हेच नाव हुतं." आणि वरच्या मजल्याची किल्ली त्यांनी आमच्या हातात दिली.

आम्ही खोटं बोललो नव्हतो. जाधव आहोत, शेवगावकडचे आहोत. "आपल्यातले" म्हणजे कोण, हे त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. अख्खा पावसाळा घरासाठी वणवण केलेली होती.

अण्णा साखर कारखान्याच्या बांधकाम खात्यातून रिटायर झालेले. हे घर त्यांनी स्वतः उभं राहून बांधून घेतलं. विटेची एक भिंत नाही, सगळी काँक्रीटची. "भूकंप झाला तर सगळं नगर पडंल, हे न्हाई पडायचं," असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे.

माझ्या सासूबाई, कलाबाई, यांनी घरामागच्या कडुलिंबाची एक फळी कापून, रंधा मारून एसटीने पाठवली होती. कंडक्टर घेईना, तर त्याच्याशी भांडून. ती फळी मला बाहेरच्या खोलीत लावायची होती. भीमराज खिळे ठोकायला लागला. एक वाकला, दुसरा वाकला, तिसरा उडून माझ्या शिलाई मशीनखाली गेला. तेवढ्यात अण्णा जिना चढून आले.

"काय ओ जाधव, माझी भिंत हाय का दगडाची खाण?"

"अण्णा, फळी लावायचीय," मी म्हणाले. "वंदनेला."

मी वंदना म्हणाले, त्यांनी पूजा ऐकलं. चेहरा एकदम मऊ झाला त्यांचा.

"मग आधी सांगायचं न्हाई का, पोरी? देवाच्या कामाला असं खिळं मारत्यात व्हय?"

खाली जाऊन ड्रिल मशीन घेऊन आले. पहिलं भोक सळईवर गेलं, तर चार बोटं सरकवून दुसरं पाडलं. "भोकात ठोकल्याली लाकडाची गुट्टी विटंत धरती," ते भीमराजला म्हणाले. "काँक्रीटला लोखंडी फास्टनरच पायजे." आधी भिंतीला एक जाड लाकडी पट्टी आवळली, तिच्यावर फळी टेकवली, खालून अँगल देऊन नट कसले. मशीन चालू असताना अण्णांची बायको, काकू, खालून ओरडत होत्या, "आवो, सगळं घर घुमतंय. माझ्या देवघरातली घंटा हलाया लागली."

काम झाल्यावर अण्णांनी फळी दोन्ही हातांनी धरली आणि पाय उचलून लोंबकळून दाखवलं. "बघा. भिंत पडंल, फळी न्हाई पडायची."

चहा झाला. अण्णा माझ्या खाटेवर ऐसपैस बसले. काकूंनी वर येऊन फळीला हळदकुंकू लावलं. "देव कवा बसवताय?"

"उद्या पौर्णिमा आहे."

"लई चांगला दिवस," काकू म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी फळीवर पांढरं कापड अंथरलं. मधोमध बुद्धाची मूर्ती, तिच्यामागे बाबासाहेबांचा फोटो. मेणबत्ती लावली, शेवंतीची फुलं वाहिली. वंदना संपत होती तेव्हा काकू शिऱ्याची वाटी घेऊन दारात आल्या. फोटोकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग वाटीकडे. आणि वाटीवर पदर झाकून उलट्या पावली खाली गेल्या.

गरम शिरा होता. वास जिन्यात राहिला.

संध्याकाळी अण्णा आले, ते उंबऱ्याबाहेरच थांबले.

"जाधव, ती फळी काढावी लागंल. भिंतीवर भार येतोय."

"काल तुम्ही लोंबकळलात तेव्हा आला नाही," मी म्हणाले. "फोटो तुमच्यापेक्षा जड आहे का?"

"तसं न्हाई. आमी काय जातपात मानत न्हाई. बाबासाहेबांना तर आमी लई मानतो. पण बराब्बर खाली आमचं देवघर हाय. आन तुमी सांगायला पायजे हुतं."

"काय सांगायला?"

अण्णा भिंतीकडे बघत राहिले. "हेच की... तुमी आपल्यातले न्हाई."

भीमराज उठला. "काढतो अण्णा," असं हलक्या आवाजात म्हणाला आणि मला म्हणाला, "घर जाईल गं." त्याने फोटोकडे हात नेला. मी त्याचं मनगट धरलं. त्या क्षणी मला अण्णांपेक्षा त्याचा जास्त राग आला. त्याचा जीव घरात अडकलाय हे कळत होतं, तरी आला.

"अण्णा, फळी तुम्ही लावलीत, तुम्हीच काढा," मी म्हणाले. "मी अडवणार नाही. पाना आणा."

पाना आणला त्यांनी. चपला काढून आत आले. काकू जिन्यात उभ्या. फळी रिकामी केल्याशिवाय नट सोडता येत नव्हते, सगळं अंगावर आलं असतं.

"मूर्ती-फोटो घ्या की काढून."

"मी आज मांडलेत, मी काढणार नाही. तुम्ही काढा. दोन्ही हातांनी उचला, आणि जमिनीवर ठेवू नका. खाटेवर ठेवा. काल बसला होतात, तीच खाट."

अण्णांनी हात वर केला. फ्रेमपासून वीतभर अंतरावर तो थांबला. मग खाली आला. विटाळाची भीती वाटली की पोलीस केसची, मला माहीत नाही. दोन्हीत त्या माणसाचं कौतुक करण्यासारखं काही नाही. "आमी लई मानतो" म्हणणारा हात तो. काल काँक्रीट फोडलं त्याने, आज काचेला लागेना.

"एक तारखेला घर खाली करा," जिन्यातून काकूंचा आवाज आला.

"अकरा महिन्यांचा करार आहे," मी म्हणाले. "त्यात फळीही लिहिलेली नाही आणि आपल्यातलेही लिहिलेलं नाही."

पाना अण्णा खाटेवरच विसरून गेले. भीमराज बराच वेळ त्या पान्याकडे पाहत बसला होता. मग उठला. फोटो दोन्ही हातांनी उचलून खाटेवर ठेवला, त्याच्याशेजारी मूर्ती. त्याने पाना लावला आणि एकेक नट आणखी आवळला. मग मूर्ती आणि फोटो होते तसे मांडले.

"ढिले राहिले होते," एवढंच म्हणाला.

सकाळी नळाला पाणी नव्हतं. अण्णांनी वरच्या मजल्याचा कॉक बंद केला होता. भीमराज हंडा घेऊन खाली गेला, काकूंच्या समोर अंगणातल्या नळाखाली लावला, भरून वर आणला. मग आम्ही दोघांनी फळीसमोर बसून वंदना म्हटली. तो नेहमी पुटपुटतो, आज मोठ्याने म्हणाला.

घर अस्सल काँक्रीटचं आहे. आवाज थेट खालपर्यंत जातो.