पाचव्या हातातली मोकळी जागा

आमच्या पुण्याच्या ढोल-ताशा पथकाला पन्नास वर्षं होणार म्हणून २०१५ सालच्या उन्हाळ्यात कुणीतरी जुन्या वादकांचा व्हॉट्सॅप ग्रुप काढला, आणि मस्कतमध्ये माझा फोन जो किणकिणायला लागला तो थांबेचना. आठवणींना नुसता ऊत आला होता. अमक्याने भर चौकात ढोलाचं पान फोडलं होतं, तमका पावसाने उतरलेला ताशा जाळलेल्या वर्तमानपत्रांवर तापवताना स्वतःच्या मिशा भाजून बसला होता. सत्तरच्या दशकातल्या आजोबांना वाटे की खरं वादन त्यांच्याबरोबर संपलं. नव्वदीतल्या पोरांना वाटे की ते त्यांच्यापासून सुरू झालं. मधल्या आम्ही ऐंशीतल्या. आम्हाला कुणी विचारतच नव्हतं, त्यामुळे मी रोज कुणाशी तरी भांडत होते.

जानेवारीत सगळ्या जुन्या लोकांनी पुन्हा रांगेत उभं राहून वाजवायचं ठरलं होतं. मी सुट्टी काढून जाणार होते. फक्त इरा वाजवायला तयार नव्हती, आणि इराशिवाय उभं राहायला माझं मन घेत नव्हतं.

पथकातल्या मुलींच्या पहिल्या रांगेत मधोमध इरा असायची, तिच्या डाव्या बाजूला मी. आमच्या जयप्रकाश सरांचा एक कडक नियम होता. वाजवताना शेजारणीकडे बघायचं नाही, मधल्या वादकाच्या खांद्यावर नजर ठेवायची. तो खांदा जे करेल ते सगळ्या रांगेने करायचं. ठेक्याला पथकात 'हात' म्हणतात. विसर्जनाच्या मिरवणुकीत आमचा पाचवा हात रंगात आला होता आणि इराच्या पट्ट्याचं बक्कल सुटलं. ढोल घसरला, तिने एक टोला सोडून डावा खांदा उडवला आणि ढोल वर घेतला. पुढच्या फेरीला पट्टा पुन्हा सरकला, तिने पुन्हा तेच केलं. आम्ही पडलो शिस्तीच्या. सगळ्या रांगेने टोला सोडला आणि खांदे उडवले. लोकांनी शिट्ट्या मारल्या, पण सरांचा पारा चढला. "रांग मोडलीस," एवढंच ते सगळ्यांसमोर इराला म्हणाले. तिने त्याच संध्याकाळी ढोल खाली ठेवला तो कायमचा. वर्षभरात माझं लग्न झालं आणि मी चंद्रहासबरोबर इकडे ओमानला आले. सर गेले, पण त्यांचं ते वाक्य इराने जपून ठेवलं. परवाही फोनवर तिने मला ते ऐकवलं.

"रांग मोडणाऱ्या बाईला कशाला बोलावतेस? मी समोर बसून टाळ्या वाजवीन."

"बक्कल गंजलेलं होतं गं."

"ढोल बांधायच्या आधी बक्कल बघणं माझं काम होतं," ती म्हणाली. तिच्या ह्या सरळपणाचा मला फार राग येतो.

सप्टेंबरातल्या एका शुक्रवारी सकाळी आम्ही अल मवालेहच्या बाजारात भाजी घ्यायला गेलो होतो. कोथिंबीर, सलालाहून आलेली केळी, चंद्रहासच्या हट्टाचं भलंमोठं कलिंगड. गाडीकडे येताना कांद्या-बटाट्याच्या गोदामामागून धपधप आवाज यायला लागला.

"कुणीतरी टायर बडवतंय," चंद्रहास म्हणाला.

टायरच होते. नव्या पोरांचा सराव टायरवरच घेतात, हे त्या माणसाला तीस वर्षं माझ्याबरोबर राहून माहीत नव्हतं. मी त्याला पिशव्यांसकट तिथेच सोडून मागे गेले. गोदामाच्या सावलीत आपली वीस-पंचवीस मुलंमुली घामाघूम होऊन ओळीने मांडलेले टायर बडवत होती. समोर एक दाढीवाला ताशावर होता. त्याने चौथा हात संपवला आणि पाचवा उचलला.

माझ्या हातातली पर्स आपोआप कमरेशी आली. हात आमचाच होता! आणि मग ती जागा आली. सगळ्यांनी टोला सोडला आणि सगळ्यांनी डावा खांदा उडवला. अंगावर ढोल नव्हता, पट्टा नव्हता, सावरायला काहीसुद्धा नव्हतं, तरी प्रत्येकाचा खांदा अगदी इरासारखा उडत होता.

मला हसू आलं आणि त्याच्या मागोमाग रडू. ताशावाला धावत आला.

"काकू, बरं वाटत नाही का? पाणी देऊ?"

त्याचं नाव जितेश. आमच्याच पथकातला, पण माझ्यानंतर वीस वर्षांनी आलेला; आता इथे एका कंपनीत इंजिनियर. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत वाजवायला पोरं तयार करत होता. ढोल हॉलवर होते. इथे फक्त टायरवर आणि हळू वाजवायचं, ह्या अटीवर गोदामाच्या अर्बाबने, म्हणजे मालकाने, जागा दिली होती.

"पाचव्या हातात मध्येच का थांबता रे?" मी विचारलं.

"तो श्वास आहे, काकू. आपल्या पथकाची ओळख. दुसऱ्या कुठल्या पथकात नाही."

"आणि खांदा का उडवता?"

"बाप्पाची पालखी पेलल्याची खूण," तो गंभीरपणे म्हणाला. "सीनियर लोकांनी असंच शिकवलंय. ज्याला हे जमत नाही त्याला आम्ही पहिल्या रांगेत घेत नाही."

मी त्याला बक्कलाचं सांगितलं नाही. ते सांगायचा अधिकार इराचा. फक्त म्हटलं, "पुन्हा एकदा वाजव. मला व्हिडिओ काढायचाय."

"यल्ला, चला, पाचवा हात! पहिल्यापासून!" तो ओरडला. पोरांनी दुप्पट जोराने वाजवलं, अर्बाबची अट वगैरे विसरून.

मी तो व्हिडिओ लगेच इराला पाठवला आणि खाली लिहिलं, "ही पोरं मस्कतची आहेत. सगळी तुझा खांदा बघून वाजवतायत." दोन निळ्या खुणा लगेच आल्या, पण उत्तर आलं नाही. शुक्रवार गेला. शनिवारी मी कुकर लावून शिट्ट्या मोजायला विसरले आणि वरण करपलं. चंद्रहासने आपला दहीभात कालवून घेतला. त्याला एवढं कळतं. आपण जुनी जखम उगाच उकरली की काय, ह्या भीतीने मी सारखी फोन बघत होते.

रविवारी दुपारी इराचा व्हिडिओ आला.

तिचं स्वयंपाकघर. पांढरे केस, चष्मा, मांडीवर आडवा धरलेला पिठाचा रिकामा डबा. उजव्या हातात टिपरू म्हणून लाटणं, डावा तळवा डब्याच्या बुडावर. तिने पाचवा हात सुरू केला. लय जराही हलली नव्हती. ती जागा जवळ आली तसा माझ्या ओट्यापाशी माझा डावा खांदा उडाला आणि मी थांबले.

ती थांबली नाही. तिने तो टोला वाजवला. सगळा जोर लावून, डोळे मिटून, डबा दणाणेल असा. मग पाचवा हात पूर्ण करून तिने लाटणं खाली ठेवलं.

व्हिडिओखाली तिने लिहिलं होतं, "माझा एवढा एक टोला राहिला होता. आता तुमच्यासारखी थांबेन. जानेवारीत मधोमध जागा ठेव, आणि ह्या वेळी बक्कल तू बघ."